आडवं झोपवून घास भरवू नका, आणि अशाच आणखी काही चुका

बारा वर्षं सोलापुरात दिव्यांग मुलं आणि बायकांसाठी घरोघर फिरते आहे. एक चूक तर प्रत्येक गल्लीत दिसते, ती म्हणजे मुलाला आडवं करून भरवणं.

पूर्वभागातल्या एका घरी आई विड्या वळता वळता तीन वर्षांच्या पोराला भरवत होती. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेलं पोर मांडीवर उताणं, मान मागे, आणि वरून पातळ वरणाचा चमचा ओतणं चाललेलं. त्या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झालेला. घरचे म्हणायचे, छाती नाजूक आहे. मी शेजारी बसून ऐकलं. दर चमच्याला घशात घरघर, डोळ्यांत पाणी. अन्न श्वासनलिकेत गेलं की असंच होतं.

भिंतीच्या कोपऱ्यात चादरींच्या घड्या लावून त्याला ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि अर्धाच भरलेला. वरणभात इतका घट्ट घोटायचा की ओघळू नये. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. यात चाळीस मिनिटं जातात, तेवढी विड्यांची मजुरी बुडते, हे मी जाणते. म्हणून सकाळचं भरवणं आजीकडे दिलं. एवढं करूनही ठसका लागत असेल तर घरी प्रयोग नकोत, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

'पोर महिन्यात चालायला लागेल ना?' विचारणारे पालक मालिशवाल्याकडे पळतात. जोराने पाय ताणू देऊ नका, या मुलांची हाडं ठिसूळ असू शकतात.

दुसरी चीड आणणारी गोष्ट दवाखान्यातली. व्हीलचेअरवरची बाई समोर असते आणि 'हिची पाळी कधी आली?' हे भावाला विचारतात. भाऊही अंदाजाने सांगतो! मी आता खुर्चीच्या मागे उभी राहते, म्हणजे डॉक्टरांना तिच्याकडेच बघावं लागतं. भावाला बाहेर बसवते. अंगावरून जाणं, स्तनातली गाठ, घरातली मारहाण, हे ती एकटी असतानाच बोलते.

फिट आली तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काहीही नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांपुढे गेली तर थेट दवाखाना. गड्ड्याच्या यात्रेच्या धावपळीतही गोळी चुकवू नका. व्हॅल्प्रोएट ही फिटवरची गोळी घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, गोळी मनाने बंद करू नये.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी एजंटला पैसे देऊ नका. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर फुकट भरता येतो.