आधी माळा उतरवा, मग वही उघडा: घरखर्च आणि अडगळ एकाच वेळी कमी करण्याची रीत

घरखर्च कमी करायचा असे ठरले की बहुतेक कुटुंबांत पहिल्या तारखेला नवी वही येते, किराणा, दूध, वीज, शाळेची फी असे रकाने आखले जातात आणि दहा-बारा तारखेपर्यंत ती वही मागे पडते. आमच्या घरी तीन वेळा असेच झाले. चौथ्या वेळी आम्ही क्रम बदलला. वहीला हात लावण्याआधी स्वयंपाकघरावरचा माळा पूर्ण रिकामा केला, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आपला पैसा कुठे गेला हे एका दुपारी फरशीवर मांडलेले दिसले. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की अडगळ काढणे आणि खर्च आवरणे ही एकच गोष्ट आहे. अडगळ ही होऊन गेलेल्या खर्चाची नोंद असते, आणि ती वाचल्याशिवाय पुढचा खर्च कुठे थांबवायचा ते कळत नाही.

आपल्याकडे या कामाची वेळ ठरलेलीच आहे. घटस्थापनेच्या आधी घर झाडून-पुसून निघते, अंथरूण-पांघरूण धुवायला काढले जाते, भांडी घासली जातात. त्याच आठवड्यात एक दिवस जास्तीचा काढावा. मात्र वस्तू पुसून पुन्हा त्याच जागी ठेवण्याची जी सवय असते, ती त्या दिवशी मोडावी लागते.

माळा वाचायचा कसा

आमच्या माळ्यावरून गॅस्केट नसलेले तीन कुकर, मोटर जळालेल्या मिक्सरची चार भांडी, खोक्यातून कधीही न काढलेले दोन डिनर सेट, स्टीलचे अठ्ठावीस डबे आणि खोबरे किसायच्या चार किसण्या निघाल्या. चारही किसण्या धड होत्या. आधीची सापडली नाही म्हणून दरवेळी दुसरी आणली गेली होती. एका पितळी घागरीवर सासूबाईंच्या आईंचे नाव आणि 1974 हे साल घातलेले होते. ती घागर चिंचेने घासून देवघराशेजारी ठेवली, ती मोडीत घालण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही.

वस्तू खाली आली की लगेच तिचा निकाल लावू नये. आधी वहीत तिच्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती कधी घेतली, का घेतली आणि शेवटची कधी वापरली. किंमत आठवत असेल तर तीही लिहावी, अंदाजे चालेल. आमच्या यादीची बेरीज तेवीस हजारांच्या आसपास गेली, आणि ती पाहिल्यावर घरात खर्चाविषयी वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

या तिन्हींत ‘का घेतली’ हा रकाना सर्वात मोलाचा आहे. आमच्या घरी त्यात फिरून फिरून तीनच उत्तरे आली: आधीची सापडली नाही म्हणून, स्वस्त मिळाली म्हणून, आणि आहेरात आली म्हणून. तुमच्या घरची उत्तरे वेगळी निघतील, पण तीही मोजकीच असतील, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याचा उपायही समोर येईल. सापडत नाही म्हणून होणाऱ्या खरेदीवर उपाय म्हणजे ठरलेली जागा. कात्री, पक्कड, चार्जर, सेल, सुई-दोरा आणि औषधे यांना प्रत्येकी एकच डबा आणि एकच फळी द्यावी; औषधांच्या डब्यात मुदत संपलेल्या गोळ्या किती निघतात हे पाहून आम्हाला धक्का बसला होता. स्वस्त मिळाली म्हणून होणारी खरेदी अधिक चिवट असते. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा राजारामपुरीत दिवाळीच्या तोंडावर गेले की सूट पाहून हात पुढे होतोच. त्यासाठी आम्ही असा नियम केला की एक हजार रुपयांवरची कोणतीही वस्तू आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहायची आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे की ती अजून हवी आहे का. लिहिलेल्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक पंधरा दिवसांत आपोआप मागे पडतात. आहेराच्या बाबतीत जवळच्या नातलगांत स्पष्ट बोलून घ्यावे. आमच्या भावकीत आता भांड्यांऐवजी पाकीट द्यायचे ठरले आहे, आणि सुरुवातीला अवघड वाटलेले हे बोलणे सगळ्यांनाच हवे होते असे नंतर लक्षात आले.

निघालेल्या वस्तूंचे काय करायचे

तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालण्यापूर्वी घरी वजन करून ठेवावीत आणि दोन-तीन दुकानांत त्या दिवसाचा दर विचारावा, कारण हा दर बदलत राहतो. घट किती धरणार हेही आधीच विचारावे. मोडीच्या बदल्यात नवे भांडे घेण्याचा मोह टाळून पैसे घ्यावेत, नाहीतर माळा तितकाच भरलेला राहतो आणि वरची रक्कम खिशातून जाते. बोहारणीला कपडे देतानाही हेच पाहावे: घरात खरोखर बादली हवी असेल तरच बादली घ्यावी. मऊ झालेल्या सुती साड्या मात्र तिला देऊ नयेत. त्यांची वाकळ होते, आणि थंडीत चार थरांच्या वाकळीसारखे पांघरूण बाजारात विकत मिळत नाही. शिवणाऱ्या बाईंची मजुरी आधी ठरवून द्यावी आणि ती घासाघीस न करता द्यावी.

जुना मोबाइल देण्याआधी त्यातले फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत, खात्यातून बाहेर पडावे, फोन पूर्ण पुसावा आणि सिमकार्ड काढून घ्यावे. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी. वाचून झालेली पुस्तके रद्दीत घालण्याआधी एखाद्या वाचनालयात विचारून पाहावे. आपल्या गावात 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. मुलांना तिथले सभासद करून घेतले की दर सुट्टीत पुस्तकांवर होणारा खर्चही कमी होतो आणि कपाटही मोकळे राहते.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांना याचे आणखी एक कारण आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले, त्यांना ठाऊक आहे की पाणी चढू लागल्यावर काय उचलायचे हे ठरवायला वेळ मिळत नाही. तळमजल्यावर सामान जितके कमी, तितके नुकसान कमी. घराची कागदपत्रे, शाळेचे दाखले, विम्याचे कागद आणि हमीची मुदत शिल्लक असलेल्या वस्तूंची बिले झाकणाच्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून उंच फळीवर ठेवावीत.

एक गोष्ट आवर्जून सांगते. दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय काढू नये. आमच्या सासूबाई दर डब्याला म्हणत, “असू दे की, लागतंय कधीतरी.” त्यांच्या पिढीने टंचाई पाहिलेली आहे आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य असते. आम्ही त्यांना एक ट्रंक दिली. तिच्यात मावेल ते त्यांनी ठेवावे आणि त्या ट्रंकेला कोणी हात लावू नये असे ठरले. मुलांनाही खेळण्यांसाठी अशीच एक पेटी दिली. त्यानंतर वाद झाला नाही, उलट सासूबाईंनी स्वतःहून एकोणीस डबे बाजूला काढले.

आता महिन्याचा खर्च

बँकेचे गेल्या तीन महिन्यांचे विवरण काढावे आणि खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर खूण करावी. कोणी पाहत नसलेली करमणुकीची वर्गणी, न वापरलेल्या दुसऱ्या सिमचे रिचार्ज, विसरलेले अॅप हे त्याच दिवशी बंद करता येते.

विजेच्या बिलाकडे थोडे बारकाईने पाहावे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटचा दर सर्वात कमी असतो, 101 ते 300 पर्यंतचा त्याहून बराच जास्त, आणि पुढे 300 व 500 ओलांडल्यावर तो आणखी चढतो. म्हणजे वाचवलेले युनिट नेहमी सर्वात महागड्या टप्प्यातले असते. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. त्या हिशेबाने दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला 30 युनिट जातात. सगळ्यांच्या अंघोळी पाठोपाठ उरकल्या आणि बटण वेळेवर बंद केले तर त्यातले बरेच वाचतात. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॉटच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 16 युनिटचा फरक पडतो. चालू पंखे काढून टाकण्याची घाई नको. जुना बिघडला की त्याच्या जागी हा घ्यावा.

स्वयंपाकघरात मात्र मोजल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आपण लिहितोच. त्याच चौकोनात सिलिंडर लावल्याची आणि तांदळाचे नवे पोते फोडल्याची तारीख लिहावी. आमच्या पाच माणसांच्या घरात दहा किलो तांदूळ चोवीस दिवस पुरतो हे मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी, अशा नोंदीमुळे कळले. हा आकडा हाती आल्यावरच वर्षाचे धान्य भरण्याचा विचार करावा. लक्ष्मीपुरीतून एकदम घेतलेला गहू किंवा शाळू किलोमागे स्वस्त पडतो हे खरे, पण त्याला चांगले ऊन दिले नाही, कोरड्या पत्र्याच्या डब्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवला नाही, तर पावसाळ्यात टोके पडतात आणि वाचलेले पैसे धान्याबरोबर जातात. ज्या घरात हे करायला वेळ नाही, त्यांनी दोन-तीन महिन्यांपुरतेच घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

चटणी मात्र वर्षाची करावी असे मी म्हणेन. एप्रिल-मे महिन्यांत मिरची वाळवून, कांदा, लसूण, सुके खोबरे, धणे, तीळ आणि मसाले परतून डंकावर कुटून आणलेली चटणी विकतच्या छोट्या पाकिटांपेक्षा स्वस्त पडते, आणि घरच्या चवीची बरोबरी पाकीट करत नाही. बरणी पूर्ण कोरडी असावी, चटणीत हिंगाचे खडे घालून ती दाबून भरावी, आणि रोजच्या वापराची चटणी वेगळ्या लहान बरणीत काढून घ्यावी, म्हणजे मोठ्या बरणीला ओला चमचा लागत नाही. गेल्या वर्षीची किती उरली हे पाहूनच यंदाची मिरची घ्यावी. आमच्याकडे पूर्वी दरवर्षी पाऊण किलो चटणी रंग उतरून वाया जात असे.

सगळेच कापायला जाऊ नये. रविवारचा तांबडा-पांढरा आम्ही बंद केला नाही; बाहेर जाऊन खाणे महिन्यातून एकदाच ठेवले आणि बाकीचे रविवार घरी मटण शिजते. वडीलधाऱ्यांची औषधे, आरोग्य विमा आणि मुलांचे शिक्षण यांनाही हात लावू नये. काटकसरीत घरातला आनंद आटला तर दोन महिन्यांत सगळे जुन्या सवयीवर परत येतात, हे आम्ही पहिल्या तीन प्रयत्नांत पाहिले आहे.

वाचलेली रक्कम खात्यात तशीच पडू दिली तर ती खर्च होते. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडावी, कारण त्या व्याजाएवढा परतावा कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही. त्यानंतर पगाराच्या दिवशीच रक्कम बाजूला काढावी. पोस्टातली आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षे चालते. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान 250 रुपये भरून चालू ठेवता येते. भिशी आपल्या गल्लीबोळांत आहेच. ओळखीच्या माणसांची असेल आणि उचललेली रक्कम कशासाठी हे आधीच ठरले असेल तर ती उपयोगी पडते, पण सगळी बचत तिच्यात गुंतवू नये.

शेवटचे काम पंधरा मिनिटांचे आहे. माळ्यावर जे परत ठेवले त्याची यादी करून ती माळ्याच्या दाराला आतून चिकटवावी आणि खाली तारीख घालावी. आमच्या यादीत आता सतरा ओळी आहेत, आणि किसणी त्यात नाही, कारण ती ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.