टोल-फ्री क्रमांक ओळखावा कसा आणि वापरावा कसा

टोल-फ्री क्रमांकावर केलेल्या कॉलचा खर्च फोन करणाऱ्यावर न पडता, ज्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने तो क्रमांक घेतलेला असतो, तिच्यावर पडतो. भारतात हे क्रमांक १८०० ने सुरू होतात आणि त्यांच्या आधी एसटीडी कोड लावावा लागत नाही. १८६० ने सुरू होणारे क्रमांक दिसायला तसेच असले तरी ते मोफत नाहीत. अमर्यादित कॉलचे रिचार्ज असूनही त्यांचे पैसे वेगळे कापले जाऊ शकतात.

कोकणात या सोयीची खरी गरज पावसाळ्यात भासते. माडाची झावळी तारेवर पडून वाडीतली वीज गेली, की महावितरणच्या १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फोन लावण्यापूर्वी जुने बिल हाताशी घ्यावे, कारण त्यावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक विचारला जातो, आणि तो अंधारात शोधत बसण्यात कॉल तुटतो. तार नेमकी कुठे तुटली आणि घराला वीज कोणत्या डीपीवरून (रोहित्रावरून) येते, हेही सांगावे. लाइनमनची निम्मी शोधाशोध त्याने वाचते. शेवटी तक्रार क्रमांक मागून कागदावर लिहून ठेवावा, नाहीतर पुढच्या वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

आंबा-काजूवरील रोगांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतून बोलता येते. समुद्रात होडी संकटात सापडल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा मोफत क्रमांक लावावा. मात्र तो मोबाइलची रेंज असेपर्यंतच उपयोगी, त्यामुळे खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेवर व्हीएचएफ संच (बिनतारी रेडिओ) हवाच आणि त्यावरचा संकटकाळचा चॅनेल १६ सर्व खलाशांना ठाऊक हवा.

बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावू नये; तो पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागच्या बाजूवरून घ्यावा. पलीकडून ओटीपी मागितला, तर क्रमांक १८०० चा असला तरी फोन ठेवावा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. दुबई-कुवेतला असलेल्या घरच्या माणसांना १८०० चे क्रमांक तिथून बहुधा लागत नाहीत. त्यांना बँकेचा परदेशातून लावण्याचा वेगळा क्रमांक आधीच कळवून ठेवावा.