हातांचे आकार सेन्सरने मोजताय? या चुका टाळा

सांकेतिक भाषेतल्या खुणा नोंदवायच्या म्हणून नवखा माणूस सेन्सर लावलेला ग्लोव्ह चढवतो, स्क्रीनवर बोटं हलताना बघतो आणि खूश होऊन लगेच रेकॉर्डिंगला बसतो. तिथेच माती खातो.

बोट किती अंशांत वाकलंय, हे बऱ्याच ग्लोव्हमधल्या सेन्सरला कळत नाही. सेन्सरची पट्टी वाकली की तिचा विद्युत रोध बदलतो, एवढंच. त्या आकड्याचे अंश करायचे तर प्रत्येक हाताचं वेगळं कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे ठरलेल्या मुद्रा करून घेऊन आकडे त्या हाताशी जुळवावे लागतात. मी एकदा घाईत माझ्याच हाताच्या कॅलिब्रेशनची फाइल लावून एका कर्णबधिर ताईंचं दिवसभर रेकॉर्डिंग केलं. त्यांचा हात लहान, ग्लोव्ह पेरांवर सैल. संध्याकाळी स्क्रीनवरचा हात दाखवला तर त्या हसल्या आणि खुणेनं विचारलं, "ही मूठ आहे की चेंडू धरलाय?" एकही मूठ पुरती मिटलेली नव्हती. दिवस पाण्यात. आता मी सपाट पंजा, घट्ट मूठ, फाकलेली बोटं आणि करंगळीच्या मुळाशी टेकलेला अंगठा एवढं आधी घेतो, आणि स्क्रीन खुणा करणाऱ्यालाच दाखवतो. ग्लोव्ह काढून पुन्हा घातला की सगळं पहिल्यापासून. कंटाळा येतो, येऊ दे.

दुसरा माझा राग अंगठ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांवर. अमेरिकन सांकेतिक भाषेतली ए, एस, टी, एम, एन ही अक्षरं म्हणजे पाच मुठीच. टीमध्ये अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत, एनमध्ये दोन बोटांखाली, एममध्ये तीन बोटांखाली. म्हणजे फरक मुख्यतः अंगठ्याचा, आणि कॅमेऱ्याने मोजताना नेमका तोच लपतो. मीडियापाइप, म्हणजे व्हिडिओतून हाताचे सांधे शोधणारं गूगलचं सॉफ्टवेअर, तरीही हाताचे 21 बिंदू देतं. झाकलेले बिंदू मात्र अंदाजाने. त्या अंदाजाला मोजमाप समजून तक्ते करणारे मी पाहिलेत. मी बाजूने दुसरा कॅमेरा लावतोच.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. एका आकारातून दुसऱ्यात जातानाच्या फ्रेम मोजणीत धरू नका. आलेख गुळगुळीत दिसावा म्हणून फिल्टर इतका चढवू नका की झटकन केलेली खूणच पुसली जाईल. एकाच माणसाच्या हातावरून "या भाषेत असंच असतं" म्हणू नका. आणि रेकॉर्डिंग सुरू होताच कॅमेऱ्यासमोर एकदा झटकन मूठ मिटायला सांगा, नाहीतर व्हिडिओ आणि सेन्सरची वेळ जुळवता जुळवता रात्र जाते.