दळीच्या जमिनीचा वनहक्क दावा कसा टाकायचा

रायगडात कातकरी-ठाकर आदिवासींच्या दळ्या, म्हणजे जंगलातले फिरत्या शेतीचे तुकडे, ब्रिटिशांच्या काळापासनं आहेत, डोंगरउतारावर राब (फांद्या-पालापाचोळा) जाळायचा, नाचणी-वरी घ्यायची, मग तो तुकडा काही वर्षं पडीक सोडायचा. पण जंगल राखायचं म्हणून हीच पद्धत अतिक्रमण ठरवली गेली, आणि २००६चा वनहक्क कायदा आला तरी पडीक तुकड्यावर झाडोरा वाढलेला असतो त्यामुळे "इथे शेती कुठेय" हा प्रश्न येतोच.

तर पहिलं काम, नमुना अ (वैयक्तिक दाव्याचा अर्ज) भरून ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्या, पोच घ्याच! कसत असलेल्या तुकड्यासोबत पडीकही नकाशात दाखवा. ताबा १३ डिसेंबर २००५ आधीचा हवा, मर्यादा ४ हेक्टर. पुरावे किमान दोन जोडा: जुना दळी-पट्टा किंवा दंडाची पावती असेल तर सोनंच (हो, दंडाची पावतीसुद्धा ताब्याचा पुरावा होते), शिवाय म्हाताऱ्यांचा लेखी जबाब.

सॅटेलाइट फोटोत शेत दिसत नाही असं अधिकारी म्हणाले तर घाबरू नका, वनहक्क कायद्याच्या २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे की फोटो इतर पुराव्याला फक्त पूरक, त्याची जागा घेत नाही. दावा नाकारला तर कारण लेखी मागा आणि ६० दिवसांत अपील टाका. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर तुम्हाला त्या जमिनीवरनं उठवता येत नाही, वनहक्क कायद्याचं कलम ४(५).