पट्टी लवते म्हणून भारी पोलाद आणू नका, आणि आणखी काही चुका

"पट्टी लवतेय ना? मग जरा भारी मटेरियल लावा." हे वाक्य नवखा माणूस म्हणाला की मी त्याच्यावर ओरडत नाही, कारण एके काळी ते मीच म्हणालो होतो.

एका यंत्राला बाहेर आलेली एक आडवी पट्टी होती. साधं माइल्ड स्टील, ५०० मिमी लांब, ५० रुंद, १० जाड. एक टोक बोल्टने आवळलेलं, दुसऱ्या टोकाला दहा-एक किलोचा भार. ते टोक ५ मिमी खाली जायचं. भार काढला की पट्टी पुन्हा सरळ. खरं तर इथेच डोक्यात दिवा पेटायला हवा होता. मी मात्र मिश्रधातूचं महागडं पोलाद मागवलं, त्याची पट्टी केली, तिला पाणी दिलं (लाल तापवून झटक्यात गार करून कठीण करणं, म्हणजेच हार्डनिंग), टेम्परिंग केलं (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा थोडं तापवणं). पाणी देताना ती पिळवटली, म्हणून ग्राइंडिंग आलं. पंधरा दिवस गेले. मग बसवली, लवणं मोजायचा डायल लावला, भार टांगला. ५ मिमी! बोल्ट पुन्हा आवळले, डायल बदलला, भार पुन्हा तोलला. पाच म्हणजे पाचच.

ताकद आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत. किती ताणाला पट्टी कायमची वाकेल, ही ताकद. तेवढ्याच भाराला ती किती लवेल, हा ताठपणा. साध्या पोलादाऐवजी मिश्रधातूचं पोलाद घेऊन हार्डनिंग केलं, तर ताकद २५० मेगापास्कलवरून (मेगापास्कल हे ताणाचं एकक) हजारावर नेता येते. पण आकार तोच असेल तर ताठपणा ठरतो अणूंमधल्या बंधांवर, आणि पाणी दिल्याने ते बंध बदलत नाहीत. यंग मापांक, म्हणजे मटेरियलच्या ताठपणाचा आकडा, साध्या पोलादाचा घ्या की भारी पोलादाचा, साधारण २०० ते २१० गिगापास्कलच. (अल्युमिनियमचा ७०. म्हणजे 'हलकं करू' म्हणून तीच पट्टी अल्युमिनियमची केली, तर लवणं जवळपास तिप्पट.) माझ्या पट्टीत ताण होता जेमतेम ६० मेगापास्कल. तिला ताकद कमी पडतच नव्हती.

उपाय फुकटातला निघाला. जुनीच पट्टी आडवीची उभी केली, म्हणजे ५० मिमीची बाजू वर-खाली आली. ताठपणाच्या हिशोबात उंचीचा घन होतो आणि रुंदी साधी गुणली जाते, त्यामुळे ताठपणा २५ पट झाला आणि लवणं ०.२ मिमीवर आलं. उभी पट्टी बाजूला डुलते, तेवढा एक आधार द्यावा लागला. तेव्हापासून माझी सवय अशी: काही लवताना दिसलं की आधी भार काढून बघायचा. सरळ झालं, तर आकार बदला. वाकलेलंच राहिलं, तरच मटेरियलचा विचार करा.

कठीण म्हणजे मजबूत, हाही असाच गैरसमज. कानस घेऊन झाकण उचकटणाऱ्याला मी एवढंच सांगतो, डोळे सांभाळ. कानस कठीण असते, चिवट नसते, तुटून तुकडा उडतो.

काठिण्य मोजतात ते कठीण टोक दाबून, पडलेल्या खड्ड्यावरून; त्यातली घाई तर रोज बघतो. पहिल्या खड्ड्याला खेटून दुसरा खड्डा पाडायचा आणि वर म्हणायचं, आकडा वाढला! वाढणारच. शेजारचा भाग दाबून आधीच कठीण झालेला असतो. खड्ड्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर सोडा. पातळ पत्र्यावर रॉकवेल (खड्ड्याच्या खोलीवरून काठिण्य मोजायची चाचणी) घेऊ नका, खालच्या टेबलाचं काठिण्य मोजाल.

लेथवरून काढलेला तुकडा गरमागरम मोजणं ही माझी दुसरी दुखरी नस. अल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत २३ भाग प्रसरण पावतं. ऐकायला किरकोळ. पण २०० मिमीचा तुकडा ५० अंशांवर मोजला, तर २० अंशांच्या मानाने तो जवळजवळ ०.१४ मिमी लांब भरतो, आणि लांबीच्या मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंशच धरलेलं आहे. 'जास्त आहे' म्हणून आणखी एक कट घेतला की संपलं, गार झाल्यावर तो भंगारात. यावर पाणी ओतून गार करणारे महाभागही आहेत. बाहेरून गार, आतून गरम, आणि आकडा कुणाचाच नाही. मी तुकडा आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर शेजारी ठेवतो, शक्यतो रात्रभर. मायक्रोमीटर मुठीत धरून गप्पा मारू नका, तोही तापतो.

घनता काढायला तुकडा हवेत आणि पाण्यात तोलतात; त्यासाठी तो दोऱ्याने पाण्यात टांगताना त्याला चिकटलेले बुडबुडे झटका, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. तुकडा तळाला टेकलेला नाही ना, तेही बघा. दोन्ही चुका घनता कमीच दाखवतात, म्हणून आकडा कमी आला की मी गणित तपासण्याआधी भांड्यात डोकावतो.