वांगं मेलं? आधी ग्लासात बघा, मग स्यूडोमोनासचं पाकीट फोडा

वांग्याचं झाड पानं हिरवी असतानाच मान टाकतं, पाणी घातलं तरी उठत नाही, आठवडाभरात खलास. गोव्यात हे कॉमन आहे, दमट उकाड्यात तर जास्तच. पण लगेच स्यूडोमोनासचं (मुळांवर बसून रोगाला अडवणाऱ्या चांगल्या बॅक्टेरियाचं) पाकीट आणायला दुकानात पळू नका, आधी ही मर, म्हणजे झाड असं सुकून जाण्याचा रोग, कसली ते बघा.

झाड उपटा, बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा अडकवून ठेवा, ग्लास हलवायचा नाही. थोड्या मिनिटांत टोकातून दुधासारखी धार खाली उतरली तर राल्स्टोनिया बॅक्टेरिया. धार नाही, खोड आतून तपकिरी, पानं खालून पिवळी होत गेलेली, तर बहुतेक फ्युजॅरियम बुरशी.

आता गंमत बघा, हा राल्स्टोनिया थोडा असतो तेव्हा गप्प असतो. प्रत्येक पेशी एक रसायन बाहेर सोडते, गर्दी वाढली की ते साठतं, मग सगळ्या मिळून चिकट पदार्थ बनवायला लागतात आणि झाडाच्या पाण्याच्या नळ्या तुंबतात. बुरशीलाही सोडत नाही, त्याचं राल्सोलामायसिन नावाचं रसायन लागलं की बुरशी जाड भिंतीचे बीजाणू करते आणि हा बुरशीच्या आत घुसतो, लॅबमध्ये दिसलंय हे. बुरशीपण काय कमी नाही हां. स्यूडोमोनासचे काही प्रकार डीएपीजी नावाचं अँटिबायोटिक बनवतात आणि फ्युजॅरियमचं फ्युजॅरिक ॲसिड तेच बनणं दाबून टाकतं. म्हणून मर लागल्यावर पाकीट ओतण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, आपला स्यूडोमोनास मुळांवर आधी बसायला हवा.

म्हणजे रोपं लावायच्या आधीच मुळं स्यूडोमोनास कालवलेल्या पाण्यात बुडवायची, प्रमाण पाकिटावरचं, पाणी विहिरीचं घ्या कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. तारीख बघा, दुकानात उन्हात पडलेलं पाकीट नको. आणि कुळागरात (सुपारीच्या बागेत) बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारताना उरलेलं वांग्याच्या बुडात ओतू नका, त्यातल्या तांब्याने आपले स्यूडोमोनाससुद्धा मरतात.

ग्लासात धार दिसली असेल तर झाड मुळासकट जाळा, पाटात टाकू नका, कोयता धुवा. त्या जागी टोमॅटो, मिरची, बटाटा नको, शेत असेल तर सरद (पावसाळी) भात घ्या. पुढच्या वर्षी रानवांग्यावर कलम केलेली रोपं किंवा मर सोसणारी जात मिळते का ते झेडएओत (विभागीय कृषी कार्यालयात) नाहीतर जुने गोवेच्या आयसीएआर कृषी संशोधन केंद्रात विचारा.