फिटवर पथनाट्य करताय? या चुका टाळा

आठवडी बाजारात आम्ही फिटवर, म्हणजे आकडीवर, पहिलं पथनाट्य केलं. आमचा नट कोसळला, हातपाय झाडू लागला आणि पोरं खिदळली. मग कांदा हुंगवणारा आला, चप्पल नाकाशी धरणारा आला, दातखीळ उघडायला चमचा घेऊन तिसरा आला. "हे करू नका" असं शेवटी एकदाच सांगितलं. खेळ संपल्यावर एका आजींनी विचारलं, "बाळा, कांदा कापून द्यायचा का फोडून?"

चूक आमचीच होती. चुकीचे उपाय आम्ही दहा मिनिटं रंगवले आणि बरोबर काय, ते केलंच नाही. आता कांदावाला रिंगणाच्या कडेलाच अडवला जातो. त्याला सांगतो, "कांदा ठेव, घड्याळ बघ." दुसरा आजूबाजूचे दगड, सायकल बाजूला करतो. झटके थांबले की प्रेक्षकांतल्याच कुणाला तरी आत बोलावतो. त्याने पलीकडचा गुडघा दुमडायचा, खांदा आणि कंबर धरून नटाला आपल्याकडे कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते, घशात जात नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. झटका 5 मिनिटांपेक्षा लांबला किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर 108 ला फोन. हे चार जणांकडून करून घेतल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

झटक्याच्या वेळी हलगी वाजवू नका. आम्ही भारुडाच्या ढंगात वाजवली, तर मागच्या बायकांनी हात जोडले. त्यांना वाटलं, अंगात आलं. तिथे शांतताच हवी.

झटकाही फार रंगवू नका, गर्दीत रुग्णाची आई उभी असते. शिवाय प्रत्येक फिट हातपाय झाडणारी नसते. वर्गात एखादी मुलगी काही सेकंद नुसती टक लावून बसते आणि बाई ओरडतात, "लक्ष कुठंय?" हा प्रसंग जरूर घ्या, शिक्षक हमखास थांबून बघतात.

भीती घालू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट औषधोपचार मिळाले, तर 70 टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. गोळ्या मनाने बंद करू नका, हे मात्र ठासून सांगा. लग्नाचा प्रश्न येतोच. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख 1999 मध्येच काढला गेला, हे गावात फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि 17 नोव्हेंबरला, राष्ट्रीय अपस्मार दिनाला, खेळ करून लगेच गाडीत बसू नका. आमची एक कार्यकर्ती जवळच्या सरकारी दवाखान्याचे वार लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन पाराच्या मागे, जरा आडोशाला बसते. गर्दी पांगल्यावर कुणीतरी पदर सावरत येतंच. "ताई, आमच्या सुनेला..." एवढं बोलून थांबतं. तिथे घाई करायची नाही.